जुन्या, बदल केलेल्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर चुकीचं रीडिंग देतोय? दोष असा शोधा

ऑक्सिजन सेन्सर पेट्रोल मोजत नाही. धुरात उरलेला ऑक्सिजन आणि बाहेरच्या हवेतला ऑक्सिजन यांतला फरक तो व्होल्टेजमध्ये सांगतो. मिक्श्चर रिच (पेट्रोल जास्त) आहे की लीन (हवा जास्त), हे त्यावरून ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठरवतो. गाडी कारखान्यातून आली तशीच असेल तर हा अंदाज सहसा बरोबर येतो. पण हेडर (इंजिनमधून धूर बाहेर नेणारे पाइप) बदललेत, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदललाय, वायरिंगला जागोजागी जोड आहेत, अशा गाडीत तो ऑक्सिजन भलत्याच वाटेने धुरात शिरलेला असू शकतो. म्हणून ‘लीन’ दिसलं की लगेच सेन्सर बदलू नका आणि पेट्रोलही वाढवू नका. मूळ दोष तसाच राहिला तर नवा सेन्सरही तेच दाखवेल, आणि वाढवलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करेल.

आधी सेन्सर कोणता आहे ते ओळखा

जुन्या गाड्यांत बहुतेक वेळा झिर्कोनिया या सिरॅमिकचा नॅरोबँड सेन्सर असतो, म्हणजे फक्त रिच की लीन एवढंच सांगणारा. एकच तार असेल तर ती सिग्नलची, आणि अर्थ (अर्थिंग) सेन्सरच्या धातूच्या अंगातून सायलेन्सरच्या पाइपला मिळतो. तीन तारा असतील तर त्यातल्या दोन हीटरच्या. चार तारांच्या सेन्सरमध्ये सिग्नलचा अर्थही वेगळा येतो. खूप सेन्सरांमध्ये दोन पांढऱ्या तारा हीटरच्या, काळी सिग्नलची आणि करडी अर्थची असते. तरी आधी कुणी वायरिंगला हात लावला असेल तर रंगावर विसंबू नका, मीटर लावून खात्री करा. पाच तारा आणि सहा पिनांचा कनेक्टर दिसला तर तो वाइडबँड, म्हणजे मिक्श्चरचं नेमकं प्रमाण मोजणारा. काही जुन्या मॉडेलांमध्ये टिटानियाचा सेन्सर असतो. तो स्वतः व्होल्टेज तयार करत नाही, त्याचा रोध बदलतो. त्याच्या जागी झिर्कोनियाचा सेन्सर लावला तर आटे जुळले तरी रीडिंग कधीच जुळणार नाही. गाडी सेकंडहँड असेल तर हे आधी तपासणं फार गरजेचं आहे.

मीटरवर काय दिसायला हवं

मल्टिमीटर डिजिटलच हवा, इनपुट रोध १० मेगाओहमचा. जुना काट्याचा मीटर या नाजूक सिग्नलवर भार टाकतो आणि रीडिंग खाली ओढतो. सिग्नलच्या तारेवर ओहमच्या रेंजमध्ये मीटर कधीही लावू नका. तारेचं आवरण टोचू नका, कनेक्टरच्या मागून बारीक पिन सरकवून मोजा.

इंजिन पूर्ण तापू द्या आणि नंतर दोन मिनिटं २५०० आरपीएमवर धरा. झिर्कोनिया साधारण ३०० ते ३५० अंश सेल्सिअसच्या वर गेल्यावरच नीट काम करतो. त्याआधीचं रीडिंग निरर्थक असतं. तापलेला, चांगला सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत वरखाली होतो आणि दर वेळी ०.४५ ओलांडतो. मीटरवर आकडे स्थिर दिसत नाहीत, आणि तेच अपेक्षित आहे. आकडा ०.४५ च्या आसपास गोठला असेल तर सेन्सर थंड आहे किंवा तार तुटली आहे, कारण अनेक ईसीयू स्वतःच सिग्नलच्या तारेवर एवढं व्होल्टेज ठेवतात. कनेक्टर काढून ईसीयूच्या बाजूला मोजलं की हे लगेच कळतं. रीडिंग शून्याच्या खाली, उणे जात असेल तर आतला सिरॅमिक तडकलाय किंवा बाहेरची हवा घेण्याची बाजू तेलाने, कूलंटने भरली आहे. तो सेन्सर बाद.

आता निर्णायक चाचणी. मिक्श्चर मुद्दाम बिघडवायचं आणि सेन्सर ते ओळखतो का, ते बघायचं. मोकळ्या हवेत, आसपास आग नसताना, न पेटवलेल्या टॉर्चमधला थोडा प्रोपेन एअर फिल्टरच्या तोंडाशी सोडा. व्होल्टेज झटक्यात ०.८ च्या वर गेलं पाहिजे. लीन बाजू बघायला, हवेचं वस्तुमान मोजणारा सेन्सर असलेल्या गाडीत एक व्हॅक्युम नळी काढा. आकडा ०.२ च्या खाली पडायला हवा. इनटेक मॅनिफोल्डचा (इंजिनला हवा पुरवणाऱ्या नळ्यांचा) दाब मोजणाऱ्या गाडीत ही युक्ती चालत नाही, कारण दाब वाढलेला बघून ईसीयू पेट्रोलही वाढवतो आणि नुसतं आयडल (अॅक्सिलरेटर न दाबता इंजिनची गती) वर चढतं. तिथे ३५०० आरपीएमपर्यंत नेऊन अॅक्सिलरेटर एकदम सोडा. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्या त्या क्षणी पेट्रोल तोडतात आणि सेन्सर शून्याजवळ येतो. दोन्ही बाबतींत पहिल्या सेकंदातलं रीडिंग महत्त्वाचं, कारण नंतर ईसीयू चूक सावरायला लागतो.

सेन्सरने दोन्ही दिशांना चटकन उडी मारली तर सेन्सर ठीक आहे. दोष दुसरीकडे शोधा. उडी मारली पण रेंगाळत, तर सेन्सर थकलाय. तंदुरुस्त सेन्सरला लीनवरून रिचवर जायला सेकंदाचा दहावा हिस्सा पुरतो. मीटर एवढं जलद दाखवत नाही, म्हणून ऑसिलोस्कोप मिळाला तर जरूर लावा.

फसवा लीन: हवा कुठून येते?

बदल केलेल्या गाडीत सर्वांत जास्त वेळ इथे द्या. एक्झॉस्टमधला धूर सलग वाहत नाही, धक्क्याधक्क्याने जातो. दोन धक्क्यांच्या मध्ये पाइपमधला दाब क्षणभर बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि बारीकशा फटीतूनही हवा आत ओढली जाते. हेडरची फ्लॅंज, हेडर आणि कलेक्टर (हेडरचे पाइप एकत्र येतात तो भाग) यांचा सरकता जोड, सेन्सरच्या बंगचं (सेन्सर बसवायच्या आट्यांच्या कड्याचं) वेल्डिंग, या तीन जागा आधी बघा. आयडलवर फटीतल्या हवेचं प्रमाण मोठं असतं, जोर दिला की ते नगण्य होतं. म्हणून आयडलला लीन आणि लोडवर जवळजवळ बरोबर, असं चित्र दिसतं.

पण इनटेक मॅनिफोल्डची गळतीही अगदी असंच चित्र दाखवते. दोन्हींतला फरक स्पार्क प्लग सांगतात. इनटेकमधून जादा हवा येत असेल तर ती खरोखर जळणात सामील असते. ईसीयूने वाढवलेलं पेट्रोल ती भरपाई करतं आणि प्लग साधारण नेहमीच्या रंगाचे राहतात. एक्झॉस्टमधून हवा येत असेल तर सिलिंडरमध्ये आधीपासून प्रमाण योग्यच असतं, त्यात ईसीयू पेट्रोल ओतत राहतो आणि प्लग काजळीने काळे होतात. स्कॅनर लीन म्हणतोय आणि प्लग काळे आहेत, अशी जोडी दिसली की एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गास्केटकडे वळा.

गळती गार इंजिनवर शोधा, कारण धातू तापून फुगला की बऱ्याच फटी मिटतात. व्हॅक्युम क्लीनरची हवा फेकणारी बाजू सायलेन्सरच्या टोकात फडक्याने घट्ट बसवा, सुरू करा, आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी लावत जा. गास्केट गेलं असेल तिथे काळी रेघही उमटलेली दिसते.

एअर इंजेक्शनची जुनी यंत्रणा विसरू नका. काही गाड्यांत गार इंजिनला पंपाने किंवा रीड व्हॉल्व्हने एक्झॉस्टमध्ये ताजी हवा सोडतात. तो व्हॉल्व्ह उघडा अडकला तर सेन्सर दिवसभर लीन सांगत राहील. तपासण्यापुरती नळी चिमट्याने दाबा आणि रीडिंग बदलतं का बघा.

मिसफायरचाही (एखाद्या सिलिंडरमध्ये मिक्श्चर न पेटण्याचाही) परिणाम असाच असतो. न पेटलेल्या सिलिंडरमधलं पेट्रोल सेन्सरला दिसत नाही, त्यातला सगळा ऑक्सिजन मात्र दिसतो. प्लग, वायर आणि कॉइल ठीक झाल्याशिवाय मिक्श्चरला हात लावू नका. मोठ्या ओव्हरलॅपच्या (इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त वेळ एकत्र उघडे ठेवणाऱ्या) कॅममध्ये तर आयडलला ताजी हवा थेट एक्झॉस्टमध्ये निसटते. तिथे दुरुस्त करण्यासारखं काही नाही. ट्यून करता येणारा ईसीयू असेल तर आयडलला क्लोज्ड लूप (सेन्सर बघून पेट्रोल कमीजास्त करणं) बंद ठेवा आणि तो २००० आरपीएमच्या आसपास सुरू होऊ द्या. नेमका आकडा कॅमवर अवलंबून असतो. उत्साहाने मोठा कॅम बसवून मग आयडलला नॅरोबँडच्या सांगण्यावर ट्यून करणं हा चांगलं इंजिन खराब चालवण्याचा हमखास मार्ग आहे.

उष्णता आणि अर्थ

एका तारेच्या सेन्सरला स्वतःचा हीटर नसतो. मूळ जागी, एक्झॉस्ट मॅनिफोल्डला चिकटून, धूरच त्याला तापवतो. लांब हेडर लावल्यावर तो पुढे कलेक्टरवर जातो आणि आयडलला थंड पडतो. हायवेवर रीडिंग छान, ट्रॅफिक सिग्नलला थांबलं की मेलेलं, हे त्याचं लक्षण. उपाय म्हणजे हीटर असलेला तीन किंवा चार तारांचा सेन्सर. त्याच्या हीटरला रिलेमधून, फ्यूज घालून, इंजिन चालू असतानाच वीज मिळेल अशी जोडणी करा. इंजिन बंद असताना इग्निशन चालू राहिलं आणि हीटर तापत राहिला, तर पाइपमध्ये साचलेल्या पाण्याचा थेंब गरम सिरॅमिकवर पडून तो तडकू शकतो. चार तारांच्या सेन्सरची अर्थची तार ईसीयूच्या सेन्सर अर्थला जोडा. ईसीयूला तशी वेगळी पिन नसेल तर इंजिनच्या हेडवर स्वच्छ धातूला जोडा.

हीटर तपासणं सोपं आहे. सेन्सर गार, कनेक्टर काढलेला, हीटरच्या दोन तारांमध्ये ओहम मोजा. प्रकारानुसार साधारण ३ ते १५ ओहम येतात. अनंत आलं तर हीटर जळला. रोध बरोबर असेल तर इंजिन चालू ठेवून कनेक्टरवर बॅटरीएवढं व्होल्टेज पोचतंय का बघा. फ्यूज उडलेला असण्याची शक्यता बरीच असते, विशेषतः तार हेडरला टेकून वितळली असेल तेव्हा.

आता अर्थ. सगळा सिग्नल एका व्होल्टच्या आत आहे, त्यामुळे ०.२ व्होल्टचा अर्थमधला फरकही निकाल फिरवतो. इंजिन चालू, हेडलाइट आणि पंखा चालू ठेवून सेन्सरचं अंग आणि ईसीयूची अर्थ पिन यांत मोजा. ०.०५ व्होल्टपेक्षा कमी हवं. जास्त असेल, आणि सेन्सरच्या अंगाचं व्होल्टेज ईसीयूच्या अर्थपेक्षा वर असेल, तर मिक्श्चर आहे त्यापेक्षा रिच दिसतं आणि ईसीयू नाहक पेट्रोल कापतो. सिरॅमिक कोटिंग केलेले हेडर, गंजलेले स्टड, इंजिन बाहेर काढल्यावर परत लावायची राहिलेली अर्थची पट्टी ही नेहमीची कारणं. बंगच्या आट्यांवरचं कोटिंग काढा आणि इंजिनपासून बॉडीपर्यंत जाड, वेणीची अर्थ पट्टी नव्याने लावा.

तार वाढवायची असेल तर क्रिंप करा, सोल्डर नको. अनेक सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा तारांच्या धाग्यांमधूनच आत घेतात. सोल्डरने ती वाट बुजते, आणि कनेक्टरमध्ये भरलेलं ग्रीस किंवा फवारलेला क्लीनरही तोच घात करतो. वाढवलेली तार प्लगच्या वायरींपासून दूर न्या.

वाइडबँड लावला असेल तर

मोकळ्या हवेत कॅलिब्रेशन मागणारा कंट्रोलर असेल तर सेन्सर पाइपमधून पूर्ण बाहेर काढून, स्वच्छ हवेतच ते करा. वीज न देता सेन्सर चालू इंजिनच्या एक्झॉस्टमध्ये ठेवू नका, थंड सेन्सरवर काजळी बसून तो लवकर मरतो. टर्बो असेल तर तो टर्बाइनच्या पुढे, सायलेन्सरच्या बाजूला लावा. टर्बाइनआधीचा दाब आणि उष्णता दोन्ही रीडिंग बिघडवतात. गेजवर एक आकडा आणि ईसीयूमध्ये दुसरा, असं असेल तर आधी दोन्हींची स्केल तपासा आणि नंतर अर्थ. ० ते ५ व्होल्ट म्हणजे हवा-पेट्रोलचं गुणोत्तर १० ते २० अशी स्केल असेल तर अर्थमधला ०.१ व्होल्टचा फरक ०.२ ची चूक देतो. कंट्रोलरचा आणि ईसीयूचा अर्थ एकाच बोल्टवर आणा. पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर १४.७ या (शुद्ध पेट्रोलच्या योग्य गुणोत्तराच्या) आकड्याला चिकटून राहू नका. लॅम्डामध्ये (प्रत्यक्ष गुणोत्तर भागिले योग्य गुणोत्तर) वाचा, इंधन कोणतंही असलं तरी योग्य बिंदू १ हाच राहतो.

सेन्सर काढल्यावर

टोकावरचा थर नीट बघा. कोरडी काळी काजळी म्हणजे रिच मिक्श्चर. पांढरट, भुकटीसारखा थर सिलिकॉनमुळे येतो, म्हणजे चुकीचा सीलंट किंवा हेड गास्केटमधून जाणारा कूलंट. तेलकट तपकिरी थर तेल जळत असल्याचं सांगतो. शिसेयुक्त इंधनाने सेन्सर कायमचा निकामी होतो. कारण दुरुस्त न करता नवा लावला तर त्याचीही तीच गत होईल. काजळीचा सेन्सर मात्र बऱ्याचदा लीन मिक्श्चरवर जोरात चालवल्यावर सुधारतो. ब्रशने किंवा रसायनाने घासू नका.

काढताना इंजिन कोमट हवं. कापलेला २२ मिमीचा सॉकेट वापरा. आटे एम १८ × १.५ चे असतात, खराब झाले असतील तर टॅप फिरवून घ्या. निकेलचं अँटिसीझ फक्त आट्यांवर लावा, टोकाला लागू देऊ नका. नव्या सेन्सरला ते आधीच लावलेलं असेल तर पुन्हा लावू नका. टॉर्क ४० ते ५० न्यूटन मीटर. नवा बंग वेल्ड करत असाल तर सेन्सर आडव्यापासून किमान १० अंश वर तिरका राहील असा बसवा, म्हणजे पाणी त्यात साचत नाही. वेल्डिंग करताना सेन्सर बाहेर ठेवा आणि बॅटरी सोडवा.

शेवटी ईसीयूची शिकलेली जुनी दुरुस्ती पुसा, नाहीतर तो चुकीच्या आकड्यांवरच चालत राहील. अर्धा तास मिश्र गतीने गाडी फिरवा आणि फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा कापतो तो आकडा) बघा. आयडल, मध्यम गती आणि लोड तिन्ही ठिकाणी तो अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत हवा. तिन्ही ठिकाणी सारखाच उणे असेल तर मोठे इंजेक्टर किंवा वाढवलेला फ्युएल प्रेशर ईसीयूला सांगायचा राहिलाय. फक्त लोडवर अधिक जात असेल तर पंप आणि फिल्टर तपासा.