लग्नाचा ड्रेस काही केल्या ठरत नाहीये? मग असं कर

ज्या मुलींचं पटकन ठरत नाही त्यांना सगळे एकच सांगतात, "अगं, योग्य ड्रेस अंगावर आला की आपोआप कळेल." मला हे वाक्य अजिबात पटत नाही, कारण दुकानामागून दुकानं पालथी घातली तरी आतून काहीच कळत नाही आणि मग त्या बिचारीला वाटायला लागतं की आपल्यातच काहीतरी गडबड आहे. मी ड्रेसच्या फिटिंगचं काम करते, लग्न ठरलेल्या मुली ट्रायल रूममध्ये सारख्या बघते, आणि मला दिसतं ते असं की ज्यांचं ठरत नाही त्यांना आवडनिवड नसते असं मुळीच नाही, उलट त्यांना एकाच वेळी खूप काही आवडतं. त्यामुळे खरं काम दुकानात जायच्या आधीच करायचं, पर्याय कमी करायचे.

१. तारखेवरून उलटं मोज

मापाने बनवून घ्यायच्या ड्रेसला साधारण ४ ते ६ महिने लागतात, भरतकाम जास्त असेल तर त्याहूनही जास्त. पुढे ऑल्टरेशनला ६ ते ८ आठवडे धर. म्हणजे लग्नाच्या ८-९ महिने आधी ऑर्डर गेलेली बरी. कॅलेंडरवर "ठरवायचा शेवटचा दिवस" लिहून टाक आणि घरात एकाला तरी सांगून ठेव. एवढे महिने हातात नसतील तर घाबरायचं कारण नाही, तयार ड्रेस, दुकानातला ट्रायलचा पीस किंवा भाड्याचा ड्रेस यापैकी एक धर आणि बनवून घ्यायचा विषय सोडून दे, तेवढाच एक निर्णय कमी.

२. बजेट पूर्ण धर

फक्त ड्रेसची किंमत नाही. ऑल्टरेशन, आतले कपडे, चपला, डोक्यावर काही घ्यायचं असेल तर ते, ड्रायक्लीनिंग, सगळं त्यात आलं. आणि आकड्याच्या वरचा ड्रेस "नुसता घालून बघते" म्हणून घालायचा नाही, कारण तो एकदा अंगावर चढला की नंतरचे सगळे फिके वाटतात.

३. आधी "नको"ची यादी

काय हवंय हे सांगता येत नसेल तरी काय नको हे बहुतेकींना पक्कं माहीत असतं. खांदे उघडे नकोत, टोचणारी नेट नको, उचलून चालावं लागेल असा घेर नको, असं जे असेल ते लिहून काढ. मग "हवंच" अशा फक्त तीन गोष्टी लिही. फोनमध्ये शेकडो फोटो सेव्ह केलेले असतील तर त्यातले दहा ठेव, बाकीचे उडव, जीवावर येईल पण उडव. २००० साली शीना अय्यंगार आणि मार्क लेपर या मानसशास्त्रज्ञांचा एक अभ्यास आला होता, त्यांनी एका दुकानात जॅम चाखायला ठेवले, कधी २४ प्रकार तर कधी फक्त ६. २४ बघून थांबलेल्यांपैकी सुमारे ३ टक्के लोकांनी जॅम घेतला आणि ६ बघून थांबलेल्यांपैकी सुमारे ३० टक्के लोकांनी. एका जॅमच्या बाटलीला हे होतं, तर ड्रेसला होणारच ना.

रंगाचं म्हणशील तर पांढराच हवा असं कोणी डोक्यात घातलं असेल तर ते ओझं उतरव. पांढऱ्याच्या फॅशनने जोर धरला तो इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाने १८४० मध्ये लग्नात पांढरा ड्रेस घातल्यानंतर, त्याआधी तिकडच्या नवरी मुलीसुद्धा स्वतःकडचा सगळ्यात चांगला ड्रेस घालायच्या, मग रंग कुठलाही असो. आणि दुकानाच्या पिवळ्या लाइटमध्ये रंग ठरवू नको, कापड खिडकीपाशी नेऊन चेहऱ्याजवळ धर. शुभ्र पांढरा, मोतिया, क्रीम यातला फरक तिथेच दिसतो.

४. सोबत दोघंच

ज्यांचं मत ऐकून तुला हलकं वाटतं अशी दोन माणसं, बस. त्यांना आधीच सांगून ठेव की मी बोलेपर्यंत कोणी बोलायचं नाही. आरशात बघायच्या आत "हा नको गं" कानावर पडलं ना, की तुझं स्वतःचं मत तयार व्हायच्या आधीच गेलं. बाकीच्यांना ग्रुपवर फोटो टाकायचे नाहीत. प्रेमानेच बोलतात सगळे, पण दहा जण दहा दिशांना ओढतात.

५. ट्रायल रूममध्ये

एका दिवसात एक दुकान, फार तर दोन. एका वेळी पाच-सहा ड्रेस पुरे, त्यापुढे डोकं चालत नाही आणि पहिला कसा होता तेही आठवत नाही. आणि सगळे एकदम तुलनेत घेऊ नको. दोन घाल, त्यातला एक निवड, दुसरा लगेच रॅकवर परत पाठव, मग तिसरा फक्त त्या निवडलेल्याशी ताडून बघ. "दोघांतला कुठला" याचं उत्तर तुला देता येतं, "सगळ्यांत कुठला" याचं येत नाही.

ट्रायलचा ड्रेस तुझ्या मापाचा बहुतेक वेळा नसतोच, मागून क्लिपा लावून बसवलेला असतो, तेव्हा सैल-घट्ट यावरून नापास करू नको. बघायचं ते कट, कापडाचं वजन आणि गळा. मग हात वर कर, खुर्चीत बस, वाक, जिना चढ, कोणाला तरी कडकडून मिठी मार. बसल्यावर श्वास अडला तर तो ड्रेस दिवसभर काही झेपणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, स्वतःच्या हातांकडे लक्ष ठेव. हे मी इतक्यांदा बघितलंय. मुलगी तोंडाने "छान आहे, छान आहे" म्हणत असते आणि हात सारखा गळ्याशी जातो, वर ओढतो, कंबरेवरचं कापड सारखं करतो, पोटावर येऊन थांबतो. आणि मग एखादा ड्रेस असा येतो की ती दुसरंच काहीतरी बोलायला लागते, चपलांचं, केसांचं, आणि हात बाजूला मोकळे सुटलेले असतात. डोळ्यांत पाणी बिणी येईलच असं नाही, बऱ्याच जणींना येत नाही आणि त्याने काही बिघडत नाही. हात मोकळे सुटले की त्या ड्रेसचं नाव लिहून घे.

फोटो समोरून, बाजूने, मागून काढ आणि चालतानाचा एक छोटा व्हिडिओ घे (दुकानाला विचारून, काही ठिकाणी परवानगी नसते).

६. शेवटचे दोन उरले की

त्या दिवशी बुकिंग करू नको. घरी ये, नीट झोप. सकाळी फोन न उघडता दोन्ही ड्रेस कागदावर आठवतील तसे काढ, चित्र वाईट आलं तरी चालेल. ज्याचा गळा, बाह्या, पाठ जास्त नीट आठवते, त्याने मनात जागा केलेली असते. तरी बरोबरीच असेल तर ज्याला ऑल्टरेशन कमी लागणार तो घे, ह्यात मला तरी शंका नाही. दोन दिवसांच्या वर हा विषय लांबवायचा नाही.

७. बुकिंगच्या वेळी

पावतीवर साइज, रंग, डिलिव्हरीची तारीख, ऑल्टरेशनचे पैसे वेगळे की त्यातच, आणि ऑर्डर रद्द केली तर काय, हे सगळं लिहून घे. साइज आजच्या मापाची. "तोपर्यंत बारीक होईन" म्हणून लहान साइज सांगू नको, कारण ड्रेस आत घेणं सोपं असतं, सैल करायचा तर आत शिलाईत जेवढं कापड सोडलंय तेवढंच मिळतं, आणि कधी कधी ते बोटभरही नसतं.

८. मग बघणं बंद

पैसे भरले की ड्रेसची पेजेस अनफॉलो कर, उरलेले फोटोही उडव. डॅनियल गिल्बर्ट आणि जेन एबर्ट यांच्या २००२ च्या मानसशास्त्राच्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी स्वतः काढलेल्या दोन फोटोंपैकी एक ठेवून घ्यायचा होता. ज्यांना नंतर बदलून घ्यायची मुभा होती, त्यांना स्वतःचा फोटो कमी आवडला, आणि ज्यांचा निर्णय पक्का होता त्यांना जास्त. म्हणून "हा घेते, पण बघत राहते" हे करू नकोच, चांगला ड्रेस उगाच नावडता होतो.

९. फिटिंग

साधारण दोन-तीन होतात, शेवटची लग्नाच्या एक-दोन आठवडे आधी. प्रत्येक वेळी त्या दिवशी घालणार त्याच चपला आणि तेच आतले कपडे घेऊन ये, टाचेची उंची बदलली की खालची सगळी उंची चुकते. आणि लग्नाच्या दिवशी जी तुझी मागची बटणं किंवा नाड्या बांधणार आहे तिलाच शेवटच्या फिटिंगला सोबत आण, तिच्याच हातांनी एकदा बांधून घे आणि त्याचा व्हिडिओ तिच्या फोनमध्ये ठेव.