जुन्या गाडीत इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंग बसवताना आणि अल्टरनेटर हलवताना: तयारीची यादी

जुन्या गाडीच्या स्टीअरिंग कॉलमवर मदतीची मोटर बसवणे आणि अल्टरनेटरची जागा बदलणे ही वरवर दोन वेगळी कामे दिसतात, परंतु तयारी करताना ती एकच समजावीत. हायड्रॉलिक पंप (तेलाच्या दाबाने स्टीअरिंगला मदत करणारा) काढला की पट्ट्याचा मार्ग बदलतो, मार्ग बदलला की अल्टरनेटर कुठे राहणार हा प्रश्न उभा राहतो, आणि नव्या मोटरला वीज पुरवायची ती त्याच अल्टरनेटरने. ज्या गाडीत पंप मुळातच नव्हता तिथेही कॉलमखालचा नवा शाफ्ट अल्टरनेटरच्या जुन्या जागेवर हक्क सांगू शकतो. म्हणून पुढील बाबींपैकी बहुतेक गाडी चालती असताना, एकही बोल्ट सैल न करता, उरकून घ्याव्यात.

सुरुवात सध्याच्या स्टीअरिंगच्या तपासणीने करावी. पुढची चाके जॅकवर उचलून स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहावे. चाके हवेत असतानाही ते जड लागत असेल, तर दोष टायरच्या रुंदीत नसून किंगपिन, बॉल जॉइंट, कॉलमचा बुश किंवा स्टीअरिंग बॉक्स यांपैकी कशात तरी आहे. मोटर हा दोष दूर करत नाही, फक्त लपवते, आणि झिजलेल्या सांध्यांवर पूर्वीपेक्षा अधिक जोर टाकते. टाय रॉड एंड आणि बॉक्समधील प्ले, म्हणजे ढिलाई, याच वेळी काढून टाकावी. व्हील अलाइनमेंटचे आकडे, विशेषतः कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा मागे झुकाव), लिहून ठेवावेत. विनामदत स्टीअरिंग हलके राहावे म्हणून अनेक जुन्या गाड्यांत कॅस्टर कमी ठेवलेला असतो, आणि मोटरच्या वर्म गिअरचे घर्षण त्यात मिळाले की वळणानंतर चाके आपोआप सरळ होण्यात आळस करू लागतात. कॅस्टर वाढवण्याची सोय गाडीत आहे की नाही, हे आधीच ठाऊक असलेले बरे.

गाडीत हायड्रॉलिक रॅक (चाके वळवणारी दातेरी पट्टी, तेलाच्या दाबाने मदत मिळणारी) असेल, तर त्याच्या दोन नळ्या एकमेकींना जोडून तोच रॅक वापरण्याचा मोह होतो. तो टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आतला पिस्टन आणि त्याचे सील घर्षण निर्माण करत राहतात, शिवाय झडपेतील टॉर्शन बारमुळे स्टीअरिंगच्या मध्यभागी एक मऊ, अनिश्चित पट्टा उरतो. त्याच गाडीचा साधा, विनामदत रॅक मिळत असेल तर तो आधी मिळवावा आणि मगच कॉलमच्या शोधाला लागावे.

कॉलमवर मोटर असलेली रचना १९८८ मध्ये सुझुकी सर्वो या छोट्या गाडीत प्रथम आली, त्यामुळे जुन्या सुट्या भागांच्या बाजारात आज पर्याय पुष्कळ आहेत. हौशी मंडळींमध्ये ओपेल कोर्सा-सीचा कॉलम विशेष प्रिय आहे, कारण गाडीच्या वेगाचा संकेत मिळाला नाही तरी त्याचा कंट्रोलर (मोटरला आज्ञा देणारा इलेक्ट्रॉनिक संच) बंद न पडता ठरावीक प्रमाणात मदत देत राहतो. प्रत्येक कॉलम असा समजूतदार नसतो. काही कंट्रोलर वेगाच्या संकेताविना सरळ संप पुकारतात. म्हणून खरेदीपूर्वी नेमक्या मॉडेलविषयी ही एक गोष्ट पक्की करावी. कॉलम, मोटर, टॉर्क सेन्सर आणि कंट्रोलर एकाच गाडीतले घ्यावेत, खालचा जोड सोबत मागून घ्यावा, आणि वायरिंग कापावेच लागले तर कनेक्टरपासून किमान हातभर वायर ठेवून कापायला सांगावे. टॉर्क सेन्सरच्या आत एक बारीक पीळ खाणारी दांडी असते. तिच्या पिळावरूनच चालकाने किती जोर लावला हे मोजले जाते. त्यामुळे शाफ्टच्या टोकावर हातोडी मारून काढलेला कॉलम कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

आता मापे. जुन्या कॉलमची एकूण लांबी, स्टीअरिंग व्हीलच्या बैठकीपासून डॅशबोर्डखालच्या ब्रॅकेटपर्यंतचे अंतर, तेथून फायरवॉलपर्यंतचे (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्यापर्यंतचे) अंतर, आणि चालकाच्या गुडघ्यांसाठी मोटरखाली उरणारी जागा ही मापे पुठ्ठ्याचा नमुना करून घ्यावीत, कारण मोटर एका बाजूला बाहेर येते आणि नेमकी पेडलच्या दांड्यांना किंवा वायपरच्या यंत्रणेला अडते. दोन युनिव्हर्सल जोड वापरायचे असल्यास दोन्हींचे कोन शक्यतो समान आणि तीस अंशांच्या आत असावेत, आणि मधल्या शाफ्टवरचे दोन्ही योक (जोडाचे दुबेळके) एका रेषेत असावेत. नाहीतर व्हील फिरवताना एकदा हलके, एकदा जड असा ताल लागतो. स्प्लाइनची (शाफ्टच्या टोकावरच्या उभ्या दात्यांची) संख्या व व्यास दोन्ही टोकांना मोजून जोडणीचा तुकडा तयार मिळतो का ते पाहावे. शाफ्ट वेल्ड करण्यावाचून गत्यंतर नसेल, तर ते काम याच प्रकारच्या भागांचा अनुभव असलेल्या प्रमाणित वेल्डरकडेच द्यावे. अपघातात कॉलम आत दबण्याची रचना कायम राहते आहे का, हेही त्याच वेळी तपासावे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत अनेक गाड्यांत ही रचना नव्हती, पण नव्या कॉलममध्ये ती आयती येते आणि चुकीच्या ब्रॅकेटमुळे निकामीही होते. हे ब्रॅकेट केवळ वजन पेलण्यापुरते नसावे. मोटर शाफ्टला जितक्या जोराने पीळ देते, तितक्याच जोराने तिचे आवरण उलट दिशेला फिरू पाहते, आणि तो जोर जुन्या डॅशबोर्डच्या पातळ पत्र्याला झेपत नाही. फायरवॉलपर्यंत जाणारा आधार आधीच आखून ठेवावा.

विजेचा हिशेब हा या यादीचा गाभा आहे. सरळ रस्त्यावर ही मोटर जेमतेम एक-दोन अँपिअर घेते, मात्र उभ्या गाडीत व्हील शेवटच्या टोकाला रेटले की काही क्षण ४० ते ६० अँपिअरपर्यंत जाते. अडचण अशी की हे घडते ते गाडी लावताना, म्हणजे इंजिन आयडलिंगवर असताना, आणि अल्टरनेटर नेमका तेव्हाच सर्वांत दुबळा असतो. त्याच्यावर छापलेला आकडा अल्टरनेटरच्या मिनिटाला ६००० फेऱ्यांचा असतो. इंजिन ८०० फेऱ्यांवर आणि पुलीचे गुणोत्तर अडीच असेल तर अल्टरनेटर केवळ २००० फेऱ्यांवर फिरत असतो. मधली तूट बॅटरी भरून काढते, म्हणून बॅटरी थकलेली असेल तर ती बदलणे हे याच कामाचे कलम समजावे. लुकासच्या जुन्या सी-४० डायनॅमोची क्षमता २२ अँपिअर आणि १७-एसीआर अल्टरनेटरची ३६ अँपिअर होती. दिवे, वायपर, ब्लोअर आणि इग्निशन यांचीच बेरीज तिथपर्यंत पोहोचते. क्लॅम्प मीटर लावून स्वतःच्या गाडीची बेरीज करावी. साध्या गाडीला बहुधा ६५ ते ९० अँपिअरचा अल्टरनेटर पुरतो. गाडी ६ व्होल्टची असेल किंवा तिचा पॉझिटिव्ह अर्थ असेल (म्हणजे बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असेल), तर हे रूपांतर आधी पूर्ण करावे. उलट्या जोडणीत कंट्रोलर आणि डायोड क्षणात जातात.

केबल अंदाजाने घेऊ नये. दोन मीटर लांबीच्या २.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरमध्ये ६० अँपिअरला सुमारे ०.८३ व्होल्ट पडतात आणि ती धोकादायक रीतीने तापते. १६ चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये हीच घट ०.१३ व्होल्टवर येते. कंट्रोलरची अर्थ वायर तेवढ्याच जाडीची असावी, आणि इंजिन ते चॅसिस ही अर्थपट्टी नवी घ्यावी. फ्यूजचा आकडा मूळ गाडीच्या फ्यूजबॉक्सवरून उतरवून घ्यावा व फ्यूज बॅटरीजवळ बसवावा. जुन्या डॅशबोर्डवर ३०-०-३० चा अमीटर असेल, तर चार्जिंगचा सगळा प्रवाह त्याच्या आतून जातो. मोठ्या अल्टरनेटरसोबत तो तसाच ठेवणे म्हणजे डॅशबोर्डमागे शेगडी ठेवणे होय. अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत थेट केबल टाकावी आणि काट्याची हौस व्होल्टमीटरवर भागवावी. चार्जिंगच्या इशारा दिव्याची वायर मात्र जपावी, कारण अनेक अल्टरनेटरना सुरुवातीची चालना त्या दिव्यातूनच मिळते.

अल्टरनेटरची नवी जागा ठरवताना तो इंजिनवरच बसला पाहिजे, चॅसिसवर नव्हे, कारण इंजिन हलते आणि पट्ट्याला त्याच्यासोबत हलणारी पुली लागते. त्याच कारणाने बॉडी व स्टीअरिंग शाफ्टपासून किमान दोन सेंटीमीटर मोकळे अंतर ठेवावे आणि केबलला थोडी ढील द्यावी. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड जवळ असेल तर उष्णतारोधक पत्रा ठरवून टाकावा. खाली बसवायचा असेल तर चिखल आणि वरून गळणारे तेल यांचा विचार व्हावा. ब्रॅकेटच्या दोन कानांत अल्टरनेटरचा पाय बसवताना उरलेली फट बोल्ट आवळून बंद करू नये. अॅल्युमिनियमचा कान तिथेच तडकतो. फटीच्या मापाचा स्पेसर लेथवर करून घ्यावा. सर्व पुली एका पातळीत आहेत का हे सरळ पट्टी लावून पाहावे, आणि पंप गेल्यामुळे वॉटर पंपाच्या पुलीवरचा पट्ट्याचा वेढा कमी होत नाही ना हेही पाहावे, नाहीतर स्टीअरिंग हलके होईल आणि इंजिन तापेल. वेढा कमी पडत असल्यास आयडलर पुलीची सोय करावी. रिब असलेल्या पट्ट्याच्या पाठीवरून अल्टरनेटर फिरवल्यास त्याची दिशा उलटते. वीज तरीही मिळते, परंतु तिरक्या पात्यांचा पंखा नीट थंडावा देत नाही. पट्ट्याची लांबी अल्टरनेटर जागेवर बसल्यावर, तो समायोजनाच्या खाचेत इंजिनाकडे झुकवून, दोरीने मोजावी आणि मगच पट्टा विकत घ्यावा.

बाकी सामान थोडेच: नवे पिंच बोल्ट व लॉकनट, रबरी ग्रॉमेट, केबलच्या मापाची थिंबल (केबलच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) आणि ती दाबण्याचे योग्य हत्यार. गाडीवर इलेक्ट्रिक वेल्डिंग होणार असेल त्या दिवशी बॅटरी, अल्टरनेटर आणि कंट्रोलर तिन्ही सुटे असतील असा क्रम लावावा. चालू इंजिनात बॅटरीची वायर काढून चार्जिंग तपासण्याची जुनी खोड या गाडीपुरती कायमची सोडावी. त्या क्षणी उसळणारे व्होल्टेज शंभराच्या घरात जाऊ शकते. बदलाची नोंदणी व विमा यांसाठी काय लागते ते आधी विचारून घ्यावे, आणि तपासणीत दाखवायला वेल्डिंगची व ब्रॅकेटची छायाचित्रे काढत जावीत.

चाचणीची जागाही आधीच ठरवावी: रहदारी नसलेले, सपाट, मोकळे मैदान. तिथे प्रथम इंजिन आयडलिंगवर ठेवून, दिवे लावून, व्हील दोन्ही टोकांना नेत कंट्रोलरच्या टर्मिनलवरचे व्होल्टेज सोबत्याकडून वाचून घ्यावे. नंतर गाडी थांबवून मोटरचा फ्यूज काढावा आणि चालण्याच्या वेगाने दोन्ही बाजूंना वळवून पाहावी. मदत नसतानाही व्हील टोकापर्यंत न अडखळता फिरले आणि गाडी चालकाच्या ताब्यात राहिली, तरच फ्यूज परत बसवून ती रस्त्यावर न्यावी.