तिकिटाचा खरा भाव आधी काढावा, मग पैसे भरावेत

पुण्यातल्या एका गाण्याच्या कार्यक्रमाची चार तिकिटे काढायला मी गेल्या हिवाळ्यात बसले, तेव्हा संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर एका तिकिटाचा दर 1500 रुपये असा ठळक अक्षरांत लिहिलेला होता आणि घरात सहा हजारांचा हिशेब ठरलेला होता. जागा निवडून झाल्या, मोबाइलवर आलेला ओटीपी भरून झाला, कोपऱ्यात उलटी धावणारी मिनिटे दिसू लागली आणि पैसे भरायच्या शेवटच्या पानावर 7808 हा आकडा उमटला. मिनिटे संपत आलेली होती, भाचीचा पुण्याहून तिसऱ्यांदा फोन आला होता, "मावशी, झालं का गं?" आणि मी पैसे भरून टाकले. वाढलेले 1808 रुपये कशाचे, हे मी त्या रात्री वीजबिलाच्या पाकिटामागे लिहून काढले. तिकिटांवरचा 18 टक्के जीएसटी 1080, एका तिकिटामागे दीडशे याप्रमाणे कन्व्हिनियन्स फी (तिकीट विकणाऱ्या संकेतस्थळाची सेवा फी) 600, त्या फीवरचा जीएसटी 108 आणि मी न सांगता त्यांनी जोडलेली 20 रुपयांची देणगी. सोलापुरातून पुण्या-मुंबईच्या कार्यक्रमांची तिकिटे काढणाऱ्यांनी ही मांडणी पैसे भरण्याच्या आधी करावी, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

आकडे कसे वाढतात

यातला जीएसटी समजून घेणे सोपे आहे आणि त्यावर चिडण्यात अर्थ नाही. नाटक, नृत्य, संगीताचा कार्यक्रम यांचे तिकीट माणशी 500 रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी लागत नाही. त्याच्या वर गेले की 18 टक्के लागतो. म्हणून 500 रुपयांचे तिकीट 500 लाच पडते आणि 600 रुपयांचे 708 ला. काही आयोजक दर करासहित लिहितात, काही करावेगळा लिहितात, तेव्हा दराखालच्या बारीक अक्षरांत काय लिहिले आहे ते पाहिल्याशिवाय दोन कार्यक्रमांच्या दरांची तुलना करू नये. फीवरचा कर मात्र तिकीट कितीही स्वस्त असले तरी लागतोच, कारण तो तिकिटावरचा नसून संकेतस्थळाच्या सेवेवरचा कर आहे.

खरा प्रश्न फीचा आहे. मी एकदाच प्रवेश केला, एकदाच पैसे भरले, चारही तिकिटे एकाच संदेशात आली आणि फी मात्र चारदा द्यावी लागली. रेल्वेचे तिकीट घरबसल्या काढताना आयआरसीटीसीसुद्धा फी घेते, पण ती एका तिकिटामागे घेते आणि एका तिकिटावर सहा प्रवासी बसतात. वातानुकूलित डब्यासाठी 30 रुपये, यूपीआयने भरल्यास 20, शिवाय त्यावरचा जीएसटी. सहा माणसांच्या प्रवासाला तीस रुपये पुरतात आणि चार खुर्च्यांना सहाशे लागतात, यात खर्चाचा हिशेब कुठेही दिसत नाही. माझ्या मते माणशी फी घेण्याला काहीही आधार नाही आणि ग्राहकांनी ही गोष्ट प्रत्येक अभिप्रायात, प्रत्येक पत्रात लिहीत राहिले पाहिजे. काही ठिकाणी पैसे भरण्याच्या पद्धतीसाठी म्हणून आणखी एक रक्कम लावतात. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर 1 जानेवारी 2020 पासून व्यापाऱ्याला बँकेचे शुल्क द्यावे लागत नाही, त्यामुळे यूपीआयने पैसे भरताना अशी रक्कम दिसली तर ती कशाची, हे लेखी विचारावे.

विक्रीच्या आधी करायची तयारी

तिकिटविक्री चालू असलेल्या कोणत्याही साध्या दिवशी, घाई नसताना, त्याच संकेतस्थळावर त्याच दराचे एकच तिकीट निवडून पैसे भरण्याच्या पानापर्यंत जाऊन यावे. पैसे न भरता बाहेर पडले तर निवडलेली जागा थोड्या मिनिटांनी आपोआप मोकळी होते आणि आपले काही जात नाही. त्या पानावर "अधिक माहिती" किंवा लहानशा बाणाची खूण असते. ती दाबली की एकत्र दाखवलेली रक्कम फुटून मूळ दर, फी आणि कर वेगळे दिसतात. एका तिकिटामागे वर किती पडतात हे वहीत लिहून घ्यावे, त्याला माणसांच्या संख्येने गुणावे आणि मग घरात आकडा सांगावा. याच पानावर आधीच टिचकी मारून ठेवलेले चौकोन असतात: देणगी, तिकिटाचा विमा, आयोजकांचे निरोप मिळण्याची परवानगी. ते सगळे तिथेच काढून टाकावेत. देणगी द्यायची इच्छा असेल तर सोलापुरात देण्याजोग्या संस्था पुष्कळ आहेत आणि तिथे हातात पावती मिळते.

आणखी एक ओळ वाचायची ती परताव्याची. बहुतेक ठिकाणी तिकीट रद्द करता येत नाही आणि कार्यक्रम रद्द झाल्यास फक्त मूळ दर परत मिळेल असे लिहिलेले असते. कार्यक्रम पुढे ढकलला तर परतावा मागण्याची मुदत किती दिवसांची आहे, हेही तिथेच असते आणि ती मुदत फार थोडी असते.

सोलापूरकरांच्या हिशेबात प्रवास धरावाच लागतो, कारण पुणे अडीचशे किलोमीटरवर आहे आणि कार्यक्रम रात्री संपतो. उघड्या मैदानातला ध्वनिवर्धक रात्री दहाला बंद करावा लागतो, म्हणजे संध्याकाळी पुण्याहून सुटणारी हुतात्मा एक्सप्रेस परतीला उपयोगाची नाही. मुंबईहून येणारी सिद्धेश्वर एक्सप्रेस मध्यरात्रीनंतर पुण्यात येते आणि सकाळी सोलापुरात सोडते, ती सोयीची पडते. ती मध्यरात्रीनंतर येत असल्यामुळे पुण्यापासूनच्या आरक्षणावर तारीख दुसऱ्या दिवसाची पडते. ही चूक करून फलाटावर उभी राहिलेली माणसे मी पाहिली आहेत. रेल्वेचे आरक्षण 1 नोव्हेंबर 2024 पासून 60 दिवस आधी उघडते आणि मोठ्या कार्यक्रमांची तिकिटे त्याच्याही आधी विकली जातात, म्हणून कार्यक्रमाचे तिकीट हाती आल्याबरोबर आरक्षण उघडण्याचा दिवस दिनदर्शिकेत लिहून ठेवावा. स्टेशनवरच्या आरक्षण खिडकीवर ऑनलाइनची फी लागत नाही.

खिडकी शिल्लक आहे तिथे खिडकीवर जावे

आपल्या गावातल्या कार्यक्रमांसाठी ऑनलाइन फी देण्याची गरज बहुतेक वेळा नसते. हुतात्मा स्मृती मंदिरात किंवा डॉ. निर्मलकुमार फडकुले सभागृहात नाटक वा गाण्याचा कार्यक्रम असेल तर वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत तिकिटे कुठे आणि किती वाजता मिळतील ते दिलेले असते. खिडकीवर प्लॅन पसरलेला असतो, ए, बी, सी अशा रांगा आणि त्यांतले चौकोन. गेलेल्या जागांवर आतला माणूस निळ्या पेन्सिलीने फुली मारतो आणि आपण बोट ठेवून "ही कडेची द्या, आईला उठायला बरं पडतं" असे सांगू शकतो. छापील दर आणि दिलेले पैसे यांत एक रुपयाचा फरक नसतो. पाच-सहा घरांची तिकिटे एकानेच जाऊन आणली तर रिक्षाचे भाडेही अंगावर येत नाही. जाहिरातीत खिडकीचा उल्लेख नसेल तर आयोजकांच्या क्रमांकावर फोन करून "हातोहात तिकीट मिळेल का?" एवढे विचारावे, स्थानिक संस्था असेल तर बहुधा मिळते. पुण्याच्या कार्यक्रमांबाबत तिथल्या नातेवाइकांना हेच काम सांगावे. माझ्या भाचीने त्यानंतर दोनदा नाट्यगृहाच्या खिडकीवरूनच तिकिटे आणली आहेत.

फी घेणेच बेकायदा आहे, असे अनेकजण ठामपणे सांगतात आणि संकेतस्थळाशी भांडायला जाऊन तोंडावर पडतात. महाराष्ट्र शासनाने 2013 आणि 2014 साली आदेश काढून चित्रपटगृहांना ऑनलाइन तिकिटावर अशी फी घेण्यास मनाई केली होती हे खरे आहे, परंतु जुलै 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते आदेश रद्द केले. म्हणून भांडणाचा मुद्दा नेमका धरावा. फी आहे, ही तक्रार टिकणार नाही. फी शेवटपर्यंत दाखवली नाही, ही टिकेल. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी ग्राहकाला फसवणाऱ्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि त्यांत 13 प्रकार नावानिशी सांगितले. आधी कमी किंमत दाखवून ती टप्प्याटप्प्याने वाढवणे, न विचारता देणगी किंवा विमा जोडणे, खोटी घाई निर्माण करणे हे तिन्ही प्रकार त्यांत आहेत. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार आधीच टिचकी मारलेला चौकोन ही ग्राहकाची संमती ठरत नाही.

झुंबड असते त्या दिवशी

कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या नवी मुंबईतल्या कार्यक्रमांची तिकिटे 22 सप्टेंबर 2024 ला विक्रीस आली, तेव्हा प्रतीक्षा रांगेत लोकांना लाखांतले क्रमांक मिळाले आणि काही वेळातच सगळे संपले. अशा दिवशी खात्यात आदल्या रात्रीच प्रवेश करून, नाव आणि ईमेल तपासून, यूपीआयची रोजची मर्यादा पुरेशी आहे का ते पाहून ठेवावे. दोन दर आधीच ठरवावेत, पहिला संपला तर दुसरा. दोन्ही संपले तर थांबावे. समोर उरलेले महागडे तिकीट त्या क्षणी स्वस्त वाटते, आणि मिनिटे मोजणारे घड्याळ तेवढ्याचसाठी तिथे ठेवलेले असते. रांगेत असताना पान पुन्हा उघडू नये, क्रमांक जातो. पैसे कापले जाऊन तिकीट आले नाही तर दुसऱ्यांदा पैसे भरण्याआधी बँकेचा संदेश, व्यवहार क्रमांक आणि "माझी तिकिटे" हे पान पाहावे.

त्यानंतर काही तासांत तीच तिकिटे दुसरीकडे कितीतरी पट भावाने दिसू लागतात. ती घेऊ नयेत. मोबाइलवर आलेल्या चित्रातला क्यूआर आणखी किती जणांना विकला आहे हे कळायला मार्ग नाही, आणि प्रवेशद्वारावर जो पहिला पोहोचतो तोच आत जातो. या काळ्याबाजारावर निर्बंध मागणारी जनहित याचिका जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा विधिमंडळाचा आणि शासनाचा विषय असल्याचे सांगून फेटाळली, म्हणजे अडीचशे किलोमीटर जाऊन दाराबाहेर उभे राहावे लागले तर आपल्या बाजूला फारसे काही नाही. फसवणूक झालीच तर 1930 या सायबर मदत क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकतात.

तक्रार कशी करावी

पहिल्या पानावरचा दर आणि शेवटच्या पानावरची रक्कम, दोन्हींचे स्क्रीनशॉट वेळ दिसेल असे घ्यावेत. तक्रारीचा सगळा भार या दोन चित्रांवर असतो. प्रथम संकेतस्थळाला ईमेल करावा आणि त्यात संताप न लिहिता चार गोष्टी लिहाव्यात: तिकीट क्रमांक, दाखवलेला दर, घेतलेली रक्कम, आणि मागणी. समाधान झाले नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी. तिथे मराठीत बोलता येते आणि नोंदीचा क्रमांक मिळतो. त्यापुढे सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला स्वतः राहत असलेल्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, कंपनीचे कार्यालय मुंबईत असो की बंगळुरूत, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचे शुल्क नाही. वकील लागतोच असे नाही.

माझा तो पुण्याचा कार्यक्रम आयोजकांनी चार दिवस आधी रद्द केला. परताव्यात फी आणि तिच्यावरचा कर, असे 708 रुपये कापलेले होते. मी लिहिले, "कार्यक्रम मी रद्द केलेला नाही. जी सेवा पूर्ण झाली नाही तिची फी आणि त्या फीवरचा कर मला परत करावा. माझ्या परवानगीशिवाय घेतलेली 20 रुपयांची देणगीही परत करावी." पहिले उत्तर नियमांची नक्कल होती. 1915 वर नोंद केली, स्क्रीनशॉट जोडले आणि तिसऱ्या आठवड्यात 708 रुपये खात्यावर जमा झाले. वीस रुपये अजून आलेले नाहीत, आणि त्यांची तक्रार मी बंद केलेली नाही.