मोबाइलच्या रेडिओ लहरींशी येणारा संपर्क कसा कमी करावा

मोबाइल, वाय-फाय आणि टॉवर यांतून निघणाऱ्या रेडिओ लहरी अणूंमधील इलेक्ट्रॉन बाहेर काढू शकत नाहीत; क्ष-किरण मात्र ते काढू शकतात. त्यांचा सिद्ध झालेला परिणाम म्हणजे ऊतींचे तापमान वाढणे, आणि सुरक्षेच्या मर्यादा त्या पातळीच्या बऱ्याच खाली आखलेल्या असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ साली या लहरींना ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’ असलेल्या २-ब गटात ठेवले. याचा अर्थ पुरावा मर्यादित आहे असा होतो, धोका सिद्ध झाला असा नव्हे. हा फरक आधी नीट समजून घ्यावा, असे मला आवर्जून सांगावेसे वाटते.

सर्वांत उपयोगी पडते ते अंतर. फोन कानाला चिकटवण्याऐवजी स्पीकर किंवा इअरफोन वापरावा, कारण काही सेंटिमीटर अंतर वाढले तरी डोक्यात शोषली जाणारी ऊर्जा झपाट्याने घटते. बोलण्यापूर्वी पडद्यावरच्या सिग्नलच्या दांड्याही पाहाव्यात: तळघरात एकच दांडी दिसत असेल, तर टॉवरपर्यंत पोहोचण्यासाठी फोन अधिक शक्तीने प्रक्षेपण करत असतो, म्हणून लांबलचक बोलणे खिडकीजवळ येऊन करावे किंवा संदेशावर भागवावे. टॉवर जवळ असला की फोनचे स्वतःचे प्रक्षेपण कमी होते. अनेकांना हे उलटे वाटते, पण ते खरे आहे.

‘विकिरणरोधक’ स्टिकर घेऊ नयेत; अँटेना झाकला गेला तर फोन उलट शक्ती वाढवतो. पेसमेकर बसवलेल्यांनी मात्र फोन छातीवरच्या खिशात न ठेवता पेसमेकरपासून किमान १५ सेंटिमीटर दूर ठेवावा आणि विरुद्ध बाजूच्या कानाला लावावा.