क्लासिक सिनेमांच्या लिमिटेड एडिशन जमवताय? या चुका टाळा

न्यू जर्सीहून आतेभाऊ येणार होता. त्याच्या बॅगेत माझ्यासाठी ब्लू-रेचा, म्हणजे डीव्हीडीहून स्पष्ट चित्राच्या डिस्कचा, एक बॉक्ससेट होता, सहा महिने पैसे साठवून घेतलेला. रात्री जेवणं झाल्यावर अलगद प्लास्टिक काढलं, डिस्क प्लेयरमध्ये सरकवली, दिवा मालवला. पडद्यावर दोनच ओळी आल्या: ही डिस्क या रिजनसाठी नाही. तो संच पुढे दीड वर्ष नुसता कपाटात उभा होता.

नव्याने जमवायला लागलेल्यांकडून हीच चूक सगळ्यात जास्त होते, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

रिजन न बघता ऑर्डर देणं

ब्लू-रेसाठी जगाचे तीन भाग, म्हणजे रिजन, पाडलेले आहेत; एका रिजनची डिस्क दुसऱ्या रिजनच्या प्लेयरवर सहसा चालत नाही. अमेरिका, जपान आणि आग्नेय आशिया ए मध्ये. युरोप, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया बी मध्ये. भारत, चीन, रशिया सी मध्ये. डीव्हीडीचे आकडे वेगळे: अमेरिका 1, युरोप आणि जपान 2, भारत 5. मागच्या कव्हरवर तळाशी, बारकोडच्या आसपास हे चिन्ह छापलेलं असतं. विक्रेत्याने फक्त पुढचा फोटो टाकला असेल तर मागचा मागून घ्या.

क्लासिक सिनेमांच्या चांगल्या आवृत्त्या बहुतेक अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये निघतात, म्हणजे ए किंवा बी. त्यामुळे या छंदात पहिला मोठा खर्च सिनेमांवर नाही, रिजन-फ्री, म्हणजे सगळ्या रिजनच्या डिस्क चालवणाऱ्या, प्लेयरवर करा. तोही तिकडून मागवणार असाल तर मागच्या बाजूचं व्होल्टेज वाचा. फक्त 110 व्होल्टचा प्लेयर आपल्या 230 च्या सॉकेटला थेट लावला की त्याचा पॉवर सप्लाय जळतो. लॅपटॉपच्या डीव्हीडी ड्राइव्हवर भरवसा ठेवणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: त्याचा रिजन पाचदाच बदलता येतो, मग शेवटचा तोच कायम राहतो.

ब्लू-रेहून जास्त बारकावे दाखवणाऱ्या 4के डिस्कना रिजनची अडचण येत नाही, म्हणून लोक निर्धास्त होतात. पण तिला 4के प्लेयरच लागतो, साध्या ब्लू-रे प्लेयरमध्ये ती चालत नाही. शिवाय संचात जोडीला जी ब्लू-रे असते तिला रिजन असू शकतो, आणि मुलाखती, माहितीपट वगैरे पुष्कळदा तिच्यावरच असतात.

खोक्याला भुलणं

या मुद्द्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझ्या मते जमवण्याचं सगळं सार इथे आहे. आपण डिस्कवरच्या चित्रासाठी पैसे मोजतो. ते चित्र कुठून आलं हे विचारलंच पाहिजे.

सत्यजित राय यांच्या अपू त्रयीचं उदाहरण घ्या. तिन्ही सिनेमांच्या मूळ निगेटिव्ह 1993 मध्ये लंडनच्या हेंडरसन लॅबोरेटरीला लागलेल्या आगीत होरपळल्या. जे उरलं ते अकॅडमी फिल्म आर्काइव्हने जपून ठेवलं. वीसएक वर्षांनी इटलीतल्या बोलोन्याच्या लिमाजिने रित्रोवाता या प्रयोगशाळेत त्या ठिसूळ, वितळलेल्या फिती हाताने साफ करून, सांधून स्कॅन करण्यात आल्या. 'पथेर पांचाली'चा सुमारे 40 टक्के आणि 'अपराजितो'चा 60 टक्क्यांहून जास्त भाग थेट मूळ निगेटिव्हवरून मिळाला. 'अपूर संसार'ची निगेटिव्ह वापरण्यापलीकडे गेली होती, त्यामुळे इतर प्रतींवरून काम झालं. क्लासिक सिनेमांच्या डिस्क काढणाऱ्या क्रायटेरियन या अमेरिकन कंपनीच्या 2015 च्या संचात हेच काम आहे.

ही माहिती संचातल्या पुस्तिकेत ट्रान्सफरबद्दलच्या, म्हणजे फिल्मवरून डिस्कवर चित्र कसं आणलं याच्या, छोट्या टिपणात असते. मी सगळ्यात आधी तेच वाचतो: कोणत्या प्रतीवरून, कोणी, कुठल्या साली. नुसतं 'रीमास्टर्ड' लिहिलेलं असेल आणि बाकी काही नसेल तर मी थांबतो. चित्रातले बारीक दाणे हा दोष समजू नका, ते फिल्मचेच असतात. ते पुसलेल्या आवृत्तीत माणसांचे चेहरे मेणाचे दिसतात. आणि 1950 च्या आधीचा सिनेमा टीव्हीचा रुंद पडदा काठोकाठ भरत असेल तर वरून-खालून कापला असण्याची दाट शक्यता आहे.

'संपत आलंय' म्हणून घाई करणं

आधी विचारा, संपणार काय आहे? डिस्क की पुठ्ठा? ट्वायलाइट टाइम ही कंपनी बहुतेक सिनेमांच्या 3000 प्रती काढायची आणि 2020 मध्ये ती बंद झाली; तिथे मर्यादा खरी होती. पण डिस्क काढणाऱ्या अनेक ब्रिटिश कंपन्या जाड खोका आणि पुस्तिका मर्यादित ठेवतात आणि काही महिन्यांनी तीच डिस्क साध्या केसमध्ये निम्म्या-पाऊण किमतीला आणतात. पुस्तिका हवीच असेल तर जरूर घ्या, मीही घेतो. दुप्पट-तिप्पट भावाने पुनर्विक्री करणाऱ्याकडून मात्र घाईने घेऊ नका.

सील न तोडणं

वाढत्या किमतीच्या आशेने बरेच जण प्लास्टिक काढतच नाहीत. आत डिस्क सुटून रस्ताभर घासली गेली असेल तर ते परतीची मुदत संपल्यावर कळतं. आल्या दिवशी उघडा. मधला खटका दाबून डिस्क उचला, कडेला धरून ओढू नका. मधल्या भोकापाशी तडा जातो. मग सुरुवात, मध्य आणि शेवट चालवून बघा.

डिस्क अडखळत असेल तर मऊ मायक्रोफायबरने मध्यातून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. ओरखड्यावर टूथपेस्ट घासण्याचा जुना उपाय ब्लू-रेवर करू नका. डीव्हीडीची माहिती पृष्ठभागाखाली 0.6 मिलिमीटरवर असते, ब्लू-रेची अवघ्या 0.1 वर. तरीही चालली नाही तर प्लेयरचं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा आणि दुसऱ्या प्लेयरवर घालून बघा.

एकही ओरखडा नसताना डीव्हीडी निम्म्यावर थिजत असेल तर ती आतून कुजत असू शकते. 2006 ते 2008 दरम्यानच्या आपल्या काही डीव्हीडींमध्ये असा दोष असल्याचं वॉर्नर ब्रदर्सने 2025 मध्ये मान्य केलं. अशा डिस्कला घरगुती उपाय नाही, कंपनीकडे बदलून मागावी लागते.

आपल्याकडे डिस्कपेक्षा पुठ्ठा आधी जातो. कोकणात किंवा मुंबईत बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात संच ठेवले तर श्रावणापर्यंत पुस्तिकेच्या पानांना बुरशीचे ठिपके दिसतात. कपाट आतल्या भिंतीला हलवा, सिलिका जेलच्या पुड्या पावसाळ्यात दोनदा बदला, डांबराच्या गोळ्या टाळा. दिवाळीच्या साफसफाईत मी एकेक संच उघडून पानं उन्हाआड वाऱ्यावर धरतो आणि जुन्या डीव्हीडी मध्यापासून पाच-पाच मिनिटं चालवून बघतो. दोन रविवार जातात.