सालाझार १९३७ मध्येच मारला गेला असता तर? जर-तर लिहिताना या चुका टाळा

“सालाझार लवकर मेला असता, तर गोवा १९४७ मध्येच सुटला असता.” गोव्यावर जर-तर, म्हणजे ‘असं झालं असतं तर’ छापाचा कल्पित इतिहास, लिहिणाऱ्यांपैकी निम्म्यांचं पहिलं वाक्य हे असतं. (सालाझार म्हणजे पोर्तुगालचा हुकूमशहा.) दुसऱ्या वाक्यात ते थेट पणजीत तिरंगा फडकवतात. मधली दहा वर्षं कुणी लिहायची?

आधी तारीख पक्की करा. “१९४० च्या सुमारास आजारपणाने” असलं गुळमुळीत मरण चालत नाही. खरी घटना आयती हाताशी आहे. ४ जुलै १९३७, रविवार, लिस्बन. सालाझार मित्राच्या घरातल्या खाजगी चॅपेलमध्ये मिस्साला (कॅथलिक प्रार्थनाविधीला) आला होता. अराजकवाद्यांनी गटारात पेरलेला बॉम्ब त्याच्या गाडीपासून काही पावलांवर फुटला. रस्ता उखडला, पण त्याला काही झालं नाही आणि तो मिस्सा ऐकायला आत गेला. तुम्ही बदलायचं ते एवढंच: स्फोटाचा जोर त्याच्या दिशेने आला. त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष कार्मोनालाही मारणं, वर सैन्यात बंड घडवून आणणं, ही चोरवाट झाली. एका लेखात एकच बदल.

माणूस गेला म्हणजे राजवट गेली

सगळ्यात जास्त डोकं उठवणारी चूक ही. आणि ती करायचं काही कारणच नाही, कारण हा प्रयोग प्रत्यक्षात झालेला आहे.

१९६८ च्या ऑगस्टमध्ये एस्तोरिलच्या किल्ल्यात सालाझार खुर्चीवरून पडला. डोक्याला मार लागला, सप्टेंबरात शस्त्रक्रिया झाली, तो कारभार करण्याच्या अवस्थेत उरला नाही. चाळीस वर्षं सत्तेत असलेला माणूस दोन महिन्यांच्या आत बाजूला झाला, मग काय कोसळलं? काहीच नाही. राष्ट्राध्यक्ष तोमाश यांनी २७ सप्टेंबरला मार्सेलु कायतानुला पंतप्रधान नेमलं. अंगोला, गिनी, मोझांबिक या तिन्ही ठिकाणची युद्धं चालू राहिली. सालाझार जुलै १९७० मध्ये वारला, आणि आपण आता पंतप्रधान नाही हे त्याला शेवटपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं म्हणतात. राजवट पडली ती २५ एप्रिल १९७४ ला, तीही त्या युद्धांना कंटाळलेल्या लष्करी अधिकाऱ्यांमुळे. गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व पोर्तुगालने करार करून मान्य केलं ३१ डिसेंबर १९७४ ला. म्हणजे माणूस बाजूला झाल्यावर सहा वर्षांनी.

म्हणून १९३७ साठी आधी खुर्च्यांची यादी करा. सालाझार त्या वेळी पंतप्रधान होता, शिवाय अर्थ, युद्ध आणि परराष्ट्र ही खातीही त्याच्याकडेच होती. चार खुर्च्या एकदम रिकाम्या. त्या भरणार कोण? १९३३ च्या राज्यघटनेने तो अधिकार राष्ट्राध्यक्षाला दिला होता, आणि कार्मोना हा १९२६ च्या लष्करी उठावातून वर आलेला जनरल. तो बहुधा लष्करातलाच कुणीतरी शोधेल, आणि सीमेपलीकडे स्पेनमध्ये यादवी पेटलेली असताना निवडणुका नक्कीच घेणार नाही. प्रत्येक खुर्चीसमोर एक खरं नाव लिहिता येत नसेल, तर पुढचा परिच्छेद लिहू नका. पहिले तीन दिवस, पहिले सहा महिने, मग पाच वर्षं, या क्रमाने जा. थेट १९४७ वर उडी मारायची घाई असेल त्यांनी कादंबरी लिहावी.

सालाझारचे विरोधक म्हणजे आपले मित्र

१९१० ते १९२६ पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक होतं, आणि त्याने एकही वसाहत सोडली नाही. पहिल्या महायुद्धात ते उतरलं त्यामागे आफ्रिकेतल्या वसाहती टिकवणं हे एक मोठं कारण होतं. १९४९ ला राष्ट्राध्यक्षपदासाठी विरोधकांनी उभा केलेला उमेदवार नोर्तों द मातुश हा अंगोलाचा जुना कारभारी. लोकशाही आली की वसाहती सुटतात, हे गृहीत धरणाऱ्यांनी फ्रान्सकडे बघावं. लोकशाही फ्रान्सने इंडोचीनमध्ये युद्ध केलं, आणि पुदुच्चेरीचा ताबा दिला तो १ नोव्हेंबर १९५४ ला, व्हिएतनाममधल्या दिएन बिएन फूच्या लढाईत मार खाल्ल्यानंतर. गोव्यासाठी अगदी उदार अंदाज बांधला तरी तो १९५४ च्या आधी नेताना पुरावा द्यावा लागतो.

महायुद्ध वगळणं

१९४७ ला पोचायचा खरा रस्ता इथून जातो, आणि नवशिके नेमका हाच गाळतात. सालाझारने तटस्थता सांभाळली आणि ऑगस्ट १९४३ मध्ये अटलांटिकमधल्या पोर्तुगीज अझोरिस बेटांवरचे तळ ब्रिटिशांना वापरायला दिले. त्याच्या जागी आलेला जनरल जर्मनीकडे झुकला तर? ब्रिटिश थांबले नसते. आग्नेय आशियातलं पोर्तुगीज तिमोर तटस्थ असतानाही डच आणि ऑस्ट्रेलियन सैन्य डिसेंबर १९४१ मध्ये तिथे उतरलंच होतं. मुरगाव बंदरात ‘एरनफेल्स’सारखी जर्मन जहाजं अडकून पडलेली होती. मार्च १९४३ मध्ये कलकत्ता लाइट हॉर्स या ब्रिटिश स्वयंसेवक पलटणीच्या वयस्कर हौशी स्वारांनी तिथे चोरून छापा घातला. तो चोरून घातला, कारण पोर्तुगाल तटस्थ होता. तटस्थता नसती तर मुरगावात ब्रिटिशांची फौज उघड उतरली असती, आणि ब्रिटिश निघून जाताना ती फौज कुणाच्या ताब्यात असती, हा प्रश्न उभा राहिला असता. १९४७ ला गोवा हवाच असेल तर या वाटेने जा. फक्त मग सालाझारच्या मरणाचं श्रेय निम्म्याने कमी करा.

बारीकसारीक: “वसाहती” हे “सागरपार प्रांत” झाले १९५१ मध्ये, ते शब्द १९३७ च्या तोंडी घालू नका. नाटोचा दाखला १९४९ च्या आधी देऊ नका. लोहियांची १८ जून १९४६ ची मडगावची सभा जशीच्या तशी ठेवायची असेल, तर नागरी हक्कांवरची बंदी तुमच्या इतिहासातही तेवढीच कडक आहे का, ते आधी दाखवा.

आणि शेवट पणजीत करू नका. गोवा १९५४ मध्ये सुटला असं धरलं, तर गोवामुक्तीचा १९५५ चा सत्याग्रह होत नाही, म्हणजे संयुक्त महाराष्ट्र समिती बनण्याआधीची डाव्या-समाजवाद्यांची ती एकत्र तालीमही होत नाही. गोव्याचा प्रश्न फाजल अली आयोगापुढे, म्हणजे राज्य पुनर्रचना आयोगापुढे जातो. १ नोव्हेंबर १९५६ ला गोवा द्विभाषिक मुंबई राज्यात जातो, म्हैसूरला जोडला जातो, की पुदुच्चेरीसारखा वेगळा राहतो? गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही, यावरचा १६ जानेवारी १९६७ चा कौल मग होतच नाही. तो १९५६ चा नकाशा सीमांसकट काढा, लेख त्यानंतर लिहायला घ्या.