पाळणाघरातली हगवण : या चुका टाळा

एका लेकराला जुलाब लागले की आठवड्यात पाच-सहा आडवी होतात, आणि मावशी म्हणतात, "टँकरचं पाणी बाधलं." टँकरवर खापर फोडणं सोपं. बऱ्याचदा दोष आपल्याच हातांचा असतो.

माझ्या सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे सगळ्यांचे हात एकाच घमेल्यात बुडवणं. मी स्वतः केलीये. २०१६ चा उन्हाळा, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, आम्ही घागर-घागर मोजायचो. जेवणाआधी घमेलंभर पाणी, चौदा लेकरं, पुसायला एकच नॅपकिन. एकाला सकाळी पातळ शी झाली होती. लंगोट बदलला अन् विसरले. चौथ्या दिवसापर्यंत नऊ जणांना ताप, पोटात कळा, दोघांच्या शीत रक्त. तपासणीत शिगेला, म्हणजे रक्ताची हगवण करणारा जिवाणू, निघाला. त्याचे दहा ते शंभर जिवाणू पोटात गेले तरी पुरतात. आमचं तर घमेलंच होतं.

तेव्हापासून स्टुलावर तोटीची बादली. धार करंगळीएवढी चालेल, पण पाणी वाहतं पाहिजे. साबण चोळताना तोटी बंद अन् वीसपर्यंत आकडे म्हणायचे. सोळाच्या पुढं सगळीच अडखळतात, मला तेवढाच जास्त वेळ मिळतो. खाली साचलेलं पाणी संडासात. नॅपकिनऐवजी जुन्या सुती साडीचे तुकडे, एका लेकराला एक, संध्याकाळी उकळायचे.

लंगोट बदलणारीनंच खिचडी कालवायची नाही. माणूस कमी असेल तर निदान साबणानं हात धुऊन मग. नव्या पोरी सॅनिटायझरचा थेंब लावून मोकळ्या होतात. घाणेरड्या हातावर त्याचा भरवसा नाही.

शीवर थेट ब्लीचिंगचं पाणी ओतू नका, क्लोरीन घाणीतच खर्ची पडतं. आधी पुसा, साबणानं धुवा, मग ब्लीचिंग.

ओआरएसची एक लिटरची पुडी असेल तर अख्खी पुडी लिटरभर पाण्यात, ग्लासात चिमूटभर नाही. डॉक्टरांनी दिलेलं झिंकचं औषध, जुलाब थांबले तरी, १४ दिवस पुरं करायचं. जुलाब बंद करायच्या मोठ्यांच्या गोळ्या आणि मागच्या आजारातलं उरलेलं अँटिबायोटिक लेकराला अजिबात नको. शीत रक्त दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना.

आणि दारात आई म्हणते, "आज एकदाच झाली, ठेवून घ्या ना." जुलाब थांबले तरी शिगेला काही आठवडे शीतून पडत राहतो. मी जुलाब थांबल्यावर दोन दिवस घरी ठेवायला सांगते, आल्यावरही त्याचा लंगोट बदलताना डोळ्यात तेल घालते. आईचा रोज बुडतो, कळतं मला. तरी दारातूनच परत पाठवते आणि शिव्या खाते.